गाडीचं पोट भरेपर्यंत

तोकुजी कुराहाशीनं छोटी विजेची गाडी आखायला घेतली ती कंपनीसाठी. पण डोळ्यांसमोर होती आई. चौऱ्याऐंशीच्या फुसाएबाई, गुडघे दुखरे, जीभ मात्र ठणठणीत. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात होते. घाटातली बस बंद झाली आणि आईचं रोजचं जाणं थांबलं. तिचं ते दाराकडे बघत बसणं तोकुजीला बघवेना.

नागानोच्या डोंगराळ थंडीत निम्मी बॅटरी हीटरच गिळतो. म्हणून त्यानं जाऊन-येऊन पुरेल अशी दणदणीत बॅटरी घेतली. गाडी एवढीशी, बॅटरी ठेवणार कुठे? तळाखाली. तळ चार बोटं वर आला. साहेबांचं काय, आकडा मोठा दिसला की खूश! "वा, कुराहाशी! जाहिरातीत हेच अंतर ठळक छापू."

चाचणीला आईच स्टिअरिंगपाशी बसली, तोकुजी शेजारी. घाट पार झाला, बॅटरी टिकली, तोकुजीची छाती फुगली. आश्रमापाशी आईनं दार उघडलं आणि खाली बघतच राहिली.

"अरे, माझे बूट कुठायत?"

बूट घरच्या अंगणात, बर्फावर. नीट जोडीनं, तोंडं बाहेर करून काढून ठेवलेले.

"आई! गाडीत चढताना बूट काढतं का कुणी?"

"मग घराच्या ओट्याएवढा उंच तळ कशाला केलास? गुडघ्यानं जीव घेतला चढताना. वाटलं, घरातच शिरतेय!"

हसत हसत त्यानं तिला पाठुंगळी घेतलं. तिचे गुडघे त्याच्या कमरेशी लटलट कापत होते. त्याचं हसू तिथंच विरलं. रोज हा चढ आपण आईला चढायला लावणार होतो, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं बॅटरी निम्मी केली, तळ खाली आणला.

"अहो, परत कशी येणार गाडी?" साहेब कडाडले.

"तिथं भिंतीला वायर लावायची. दोनेक तासांत भरेल."

"आणि तोवर म्हातारीनं करायचं काय?"

 तोकुजीनं तळ काही पुन्हा वर नेला नाही.

आई पुन्हा रोज आश्रमात जायला लागली. पूर्वी शेवटची बस चुकेल म्हणून बाबांपाशी टेकते न टेकते तोच उठायची. एका रविवारी तोकुजी सोबत गेला. आई पलंगाशी बसून संत्री सोलत होती. खिडकीतून गाडीवरचा हिरवा दिवा दिसत होता. गाडी केव्हाच भरली होती.

बाबा हल्ली फारसं बोलत नसत. त्यांनी आईची बाही धरली. "भरली गाडी?"

आईनं खिडकीबाहेर पाहिलं, मग तोकुजीकडे डोळे वटारले.

"कसली भरतेय मेली! तुमच्याच लेकानं केलीय, वेळ लागणारच," ती म्हणाली आणि तिनं आणखी एक संत्रं सोलायला घेतलं.