ठेवून घेतलेला मेढा

आषाढातल्या अवसेला, म्हणजे जिवतीला, आमच्या गावात लोहार घरोघरी फिरतो आणि प्रत्येक दाराच्या चौकटीत एक खिळा ठोकतो. त्या दिवशी जादूटोणा करणाऱ्या बायका बाहेर पडतात आणि चौकटीत खिळा असला की त्यांची नजर घरात शिरत नाही, असं मानतात. सोबत कडुनिंबाची डहाळी खोचतात आणि लोहाराला सुपातून तांदूळ देतात. आमच्या चौकटीत आजोबांच्या काळापासूनचे खिळे आहेत. काही इतके गंजलेत की लाकडाच्याच रंगाचे झालेत. आत्याच्या चौकटीत एकही खिळा नव्हता.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचा नवरा साप चावून गेला तेव्हा तिला मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही, म्हणून ती परत आली आणि आमच्या सांदवाडीच्या, म्हणजे परसबागेच्या, मागे, गावाच्या शेवटाला, बाबांनी तिला एक खोली बांधून दिली. पुढे पळसाची झाडं आणि मग धानाच्या बांध्या. मी लहान असताना शेजारच्या घरी एका बाळाच्या बारशाला ती गेली होती. बाळाकडे बघून 'किती गोरं आहे' असं काहीतरी म्हणाली. ते बाळ महिनाभरात गेलं. तेव्हापासून लोहार तिच्या दारावरून तसाच पुढे जायचा. ज्या घरात ती असते तिथे तिच्यापासून वाचायचा खिळा कसा ठोकणार, असा त्यामागचा हिशोब असावा. तिला कोणी तोंडावर काही म्हणत नव्हतं. विहिरीवर ती आली की बायका आपापल्या पाण्याच्या गुंडावर पदर ओढायच्या, एवढंच.

मी चंद्रपूरला कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. हॉस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत नागपूरची एक मुलगी होती. ती मोबाईलवर परदेशातल्या काही बायकांचे व्हिडिओ बघायची. त्या स्वतःला विच म्हणवून घेत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मेणबत्त्या लावायच्या, वाळलेली पानं, दगड, स्वतःला जवळच्या वाटणाऱ्या वस्तू मांडायच्या आणि मनातलं मागायचं. वर्षाचे आठ सण पाळायचे. कोणाचं वाईट करायचं नाही हा त्यांचा पहिला नियम होता. मला ते आवडलं. का आवडलं हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. कदाचित त्या बायका एकट्या राहत होत्या आणि तरी त्यांना कोणी घाबरत नव्हतं, म्हणून असेल.

मैत्रीण म्हणायची की हा शब्द आपण परत घ्यायचा, त्याची लाज बाळगायची नाही. मी तिला विचारलं, मराठीत काय म्हणायचं मग? ती म्हणाली, "चेटकीण," आणि हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. आत्याबद्दल मी तिला तोवर काहीच सांगितलं नव्हतं.

अडचण अशी होती की त्यांचे सण आमच्याकडे बसत नव्हते. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची सुगी संपते, तेव्हा आमच्याकडे लवकर पिकणारा हलका धान जेमतेम कापणीला येतो आणि भारी धान हिरवाच असतो. त्यांच्या हिवाळ्यात बर्फ, आमच्या हिवाळ्यात वडशाच्या मंडळ्यांची रात्रभर चालणारी नाटकं. ते सफरचंद मधून आडवं कापून त्यातली चांदणी दाखवतात. आमच्याकडे सफरचंद दवाखान्यात पडलेल्या माणसाला नेतात. हे मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, तुमच्याकडे तर खरंखुरं जंगल आहे. आम्ही कुंडीत तुळस लावून त्याला निसर्ग म्हणतो. तू तुझं बनव ना."

मग मी माझं बनवलं. मोहाचं फूल गळायला लागतं तो वर्षाचा आरंभ, कारण तेव्हा आई अंधार असतानाच टोपली घेऊन जाते आणि अंगाला तो गोड, आंबूस वास घेऊन परत येते. तेंदूपत्त्याचे दिवस उन्हाचे आणि बोटं काळी होण्याचे. धानाच्या रोवण्याचे दिवस चिखलाचे. शिमग्याला पळस. हॉस्टेलच्या खिडकीत, जिथे कोळशाची काळी धूळ रोज बसायची, तिथे मी वैनगंगेतला एक काळा गोटा आणि मोहाची टोळी ठेवली होती. टोळी म्हणजे मोहाच्या फळातली बी, आजी तिचं तेल दिव्यात घालायची. परीक्षेच्या आधी मी त्या गोट्यावर हात ठेवायची. त्यापलीकडे काही नाही. कधीकधी मला वाटायचं, हे आईच्या देव्हाऱ्यापेक्षा वेगळं काय आहे? पण हे माझं होतं.

दुसऱ्या वर्षी पोळ्याला मी घरी आले. जिवती होऊन महिना झाला होता. आमच्या चौकटीतला नवा खिळा अजून चकाकत होता. आत्याकडे गेले तर तिने दारात कडुनिंबाची डहाळी स्वतःच खोचलेली होती, ती वाळून गेली होती. चौकटीकडे बघताना माझ्या मनात आलं की हिला मी काहीतरी करून द्यावं.

पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या डहाळ्या रोवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पोरं ते उपटतात आणि 'इडापिडा घेऊन जाय गा मारबत' असं पीडा नेणाऱ्या मारबतीला ओरडून सांगत शिवेच्या बाहेर नेऊन टाकतात. वर्षभराचा खोकला, ताप, भांडणं, सगळं त्या मेढ्यांसोबत जातं. टाकलेल्या मेढ्याकडे कोणी मागे वळून बघत नाही.

व्हिडिओतली एक बाई सांगायची की आपल्याच उंबऱ्याजवळच्या झाडाची फांदी घ्या, तिच्यात घराचं बळ असतं. मला पळसाचा मेढा आठवला. आमच्या दारचा मेढा पोरांनी उपटला तेव्हा मी त्यातली एक बारीक फांदी मोडून ओढणीत घेतली. मी त्याच गावातली आहे. मेढा घरात ठेवायचा नसतो हे मला दुधाच्या दातांपासून माहीत होतं. पण त्या सकाळी मला फक्त 'उंबऱ्याची फांदी' एवढंच दिसलं. फांदीला लाल दोरा गुंडाळला, स्वतःचा एक केस गुंडाळला, सोबत हॉस्टेलमधून आणलेला काळा गोटा आणि टोळी ठेवली आणि दुपारी आत्या बांधीवर गेलेली असताना तिच्या उंबऱ्याशी, वळचणीखाली पुरलं. मागितलं ते एवढंच, की आत्याबद्दलची कुजबुज थांबू दे.

पाऊस लागला. वळचणीच्या धारेने माती धुतली गेली. शेजारच्या घरातली सासू, जिच्या घरच्या बारशाचं ते जुनं प्रकरण होतं, कोंबड्या हाकायला तिकडे गेली आणि तिला लाल दोरा दिसला. तिच्या नातवाला त्याच आठवड्यात ताप भरला होता. आरोग्य केंद्राच्या आशाताईने तपासणीसाठी रक्त घेतलं होतं, रिपोर्ट यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटलांच्या ओसरीवर माणसं जमली. बाबांना बोलावणं आलं, आत्यालाही. मी मागोमाग गेले. ओसरीवर वर्तमानपत्राच्या कागदावर माझी फांदी ठेवली होती. ओली, चिखलाची. सासूने केस दाखवला आणि म्हणाली, "मायाच सुनेचा होय. रोज ते अंगणात केस विंचरते, इनंच उचलला असन."

कोणी ओरडत नव्हतं. ओरडले असते तर मला कदाचित बरं वाटलं असतं. एक म्हातारा शांतपणे सांगत होता की ही पोळ्याच्या मेढ्याची फांदी आहे, गावाची इडापिडा शिवेबाहेर गेली आणि कोणीतरी ती परत आणून पुरली. सगळे मान हलवत होते. मी ऐकत होते, आणि माझ्याही अंगावर काटा आला, कारण तो सांगत होता ते आमच्या रीतीप्रमाणे अगदी बरोबर होतं.

मी म्हणाले की ते मी पुरलं आहे.

पाटील आमच्या घरी जाणं-येणं असलेले. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "बेटा, हे तू कुठी शिकली?"

"मोबाईलवर, जी."

मला वाटलं, दाखवलं की समजेल. माझ्याकडे तो व्हिडिओ होता. मी लावला. काळ्या कपड्यातली बाई, सभोवती मेणबत्त्या, टेबलावर एक कवटी. ती कवटी मला तोपर्यंत कधी खटकलीच नव्हती. बाई इंग्रजीत बोलत होती, तिने पहिला नियम सांगितला, कोणाचं वाईट करायचं नाही, पण तो ओसरीवर कोणालाच कळला नाही. पुढे वाकून बघणारी माणसं हळूहळू मागे सरकली.

"बसल्या जागी शिकवून राह्यले आता," एकजण म्हणाला. "मांत्रिकाकडे जाचीई गरज नाई."

दोघं-तिघं हसले. मग कोणीतरी विचारलं की कॉलेजात हेच शिकवतात का, आणि हसणं थांबलं. सासू म्हणाली की मोबाईल कशाला लागते, घरातच शिकवणारी आहे, आत्यानंच भाचीला तयार केलं. बाबा खांबाला टेकून उभे होते. ते माझ्याकडेही बघत नव्हते आणि आपल्या बहिणीकडेही नाही.

तेव्हा आत्या बोलली. तोपर्यंत ती ओसरीच्या खाली, पावसात, डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

"ते मायं होय. मीच पुरलं. पोरगी मले वाचवाले खोटं बोलून राह्यली."

मी नाही म्हणाले. पुन्हा म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू चूप बस वो."

आणि खरंच, सगळ्यांना ते पटलं. मी सांगितलं होतं त्यात मोबाईल होता, इंग्रजी होतं, प्रश्न होते. आत्याने सांगितलं ते त्यांना आधीपासून माहीत होतं. माझ्याकडे त्यानंतर कोणी पाहिलंसुद्धा नाही. पाटलांनी जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण करून दिली, तिच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही म्हणाले. पण वातावरण शांत होईपर्यंत बाईंनी गावात राहू नये हे बरं, असंही म्हणाले. बाबांनी मान हलवली.

आत्याचं सामान थोडं होतं. मी बांधून देत होते आणि तिला विचारत होते की असं का केलं. ती भांडी एकात एक घालत म्हणाली, "मायं नाव त कधीचंच गेलं होतं. तुयं काऊन घालू?"

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्यात तू मांगितलं काय होतं?"

मी सांगितलं. तुझ्या चौकटीत खिळा नव्हता म्हणून केलं, हेही सांगितलं. तिने शेवटचं पातेलं आत बसवलं. मग म्हणाली, "मंग खिळाच ठोकाचा होता ना, माय."

बाबा तिला वडशाला घेऊन गेले. त्याच दिवशी त्या नातवाचा रिपोर्ट आला. मलेरिया होता. गोळ्यांनी ताप उतरला. गावात अजून सांगतात की ती शिवेबाहेर पडली आणि इकडे पोराचा ताप उतरला.

मी चंद्रपूरला परत आले. खिडकीत काही ठेवलं नाही. मैत्रिणीला सगळं सांगितलं तेव्हा ती रडली आणि म्हणाली की आपण हे लिहायला पाहिजे, त्या लोकांना शब्दाचा खरा अर्थ सांगायला पाहिजे. ती मनापासून बोलत होती. मला तिला सांगता आलं नाही की अर्थ माझ्यापर्यंत मोबाईलवरून आला होता आणि शब्द मात्र आत्या इतकी वर्षं अंगावर वागवत होती. मोह कधी गळायला लागला, रोवणे कधी सुरू झाले, हे मनात मोजायचं मात्र मला थांबवता आलं नाही. चंद्रपुरात बसूनही ते कळतं.

पुढच्या जिवतीला मी गावी न जाता वडशाला गेले. आत्या एका राइस मिलमध्ये झाडझूड करते, धान वाळत घालते. चाळीसारख्या रांगेत तिची खोली आहे. शेजारणींना ती फक्त विधवा बाई म्हणून माहीत आहे. त्या तिच्याकडे विरजण मागतात.

मी पोचले तेव्हा दाराशी सुपात तांदूळ काढून ठेवले होते. शीग लावून भरलेले, सांडतील इतके. ती कामावर गेली नव्हती आणि पुन्हा पुन्हा गल्लीच्या टोकाकडे बघत होती.

लोहार आला तो रांगेतल्या पहिल्या खोलीपासून. प्रत्येक दारात एक खिळा, दोन-तीन घाव, सूप पिशवीत रिकामं करायचं आणि पुढे. आमच्या दाराशी आला तेव्हा चौकटीवर हात फिरवून म्हणाला की इथे जुने खिळे भरपूर आहेत, कुठे ठोकू, बाई?

"कुठीई ठोका, भाऊ," आत्या म्हणाली. "पण ठोका."

त्याने ठोकला. तो गेल्यावर आत्याने नव्या खिळ्याच्या डोक्यावर अंगठा दाबून पाहिला, गरम आहे का बघावं तसा. ओठ हलले, पण ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

मग माझ्याकडे न वळता तिने विचारलं, "तिकडचं घर बरोबर आहे ना?"

उन्हाळ्यात बाबांनी तिच्या खोलीच्या छपराचे कवेलू उतरवून आमच्या गोठ्यावर घातले होते. चौकट काढून सरपणात गेली होती. मातीच्या भिंती पहिल्या पावसातच बसल्या होत्या.

मी हो म्हणाले आणि रिकामं सूप आत नेऊन ठेवलं.