पिवळं वर!

त्यांचं खरं आडनाव मैदानावर घरच्या माणसाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना पूर्णफेरे म्हणत. एका भल्या गृहस्थाने तर मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्याच नावाने धाडली होती. धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा आणि रविवारचा नाद रिमोटवरच्या हेलिकॉप्टरचा. पण ते उडवायचे नाहीत हं! उडवायचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. पूर्णफेऱ्यांनी फक्त जुळवून द्यायचं.

नावाची गंमत अशी. हेलिकॉप्टरच्या डोक्यावर दोन पाती आणि प्रत्येक पात्याला कल देणारी एक काडीएवढी दांडी. दांडीच्या टोकाला प्लास्टिकची टोपी, ती एका बारक्या गोळीवर टचकन बसते. टोपी गोळीवरून काढून आट्यांवर फिरवून आत घेतली की दांडी आखूड होते आणि ते पातं जरा खालून फिरतं. दोन्ही पाती एका पातळीत फिरली नाहीत तर सगळं यंत्र हुडहुडी भरल्यासारखं थरथरतं. नवशिके अर्धाच फेरा देत. मग टोपीची अक्षरं कोरलेली बाजू, जी बाहेर राहायला हवी, ती आतल्या अंगाला जाई आणि गोळी आवळून बसे. पूर्णफेरे लांबूनच ओरडत, "अर्ध्याचं काम नाही बाबा! द्यायचा तर पूर्ण फेरा, नाहीतर हात खिशात!"

कुठलं पातं वर चाललंय ते कळावं म्हणून एकाच्या टोकाला पिवळी पट्टी, दुसऱ्याच्या टोकाला तांबडी. दाजी हेलिकॉप्टर डोळ्यांच्या रेषेत स्थिर ठेवत आणि "पिवळं वर!" नाहीतर "तांबडं वर!" असा पुकारा करत. ते उतरलं की पूर्णफेरे गुडघे टेकून त्या पात्याची टोपी एक फेरा आत घेत. काय दिवस होते ते! आपला तोल आपणच सांभाळणारी यंत्रं तेव्हा निघाली नव्हती. इंधनाचा उग्र वास संध्याकाळपर्यंत कपड्यांना येई आणि ताई नाक धरून दोघांनाही दाराबाहेर उभं करी.

दाजींनी चाळीस वर्षं बस चालवली होती आणि कधी साधा आरसा घासू दिला नव्हता. त्यांच्या नजरेवर शंका घ्यायची कुणाची छाती होती? म्हणून एके दिवशी नवी पाती लावल्यावर ते "पिवळं वर!" म्हणाले, तेव्हा पूर्णफेऱ्यांना आधी वाटलं, थट्टाच करताहेत. तांबडं ढळढळीत वर होतं. "बरं दाजी," म्हणाले आणि गुपचूप तांबडी टोपी फिरवली. हेलिकॉप्टर सुरेख उडालं. दाजींनी मिशीवरून हात फिरवला. "बघ! नजर लागते नजर!"

असं दीड वर्ष चाललं. मग एका रविवारी हेलिकॉप्टर वळलं ते थेट माणसांच्या बाजूला, आणि एका बाईच्या डोक्यावरून हातभर अंतराने गेलं. दाजींना ती बाई दिसलीच नव्हती. ताई म्हणाली, "माझं ते ऐकायचे नाहीत. तू सांग रे. कुणाला लागलं म्हणजे?"

पूर्णफेरे आठवडाभर वाक्यं जुळवत राहिले आणि मोडत राहिले. दुकानात त्यांनी एका मशीनला सुई उलटी लावली. दाजींकडून रिमोट काढून घ्यायचा म्हणजे त्यांचा रविवारच काढून घ्यायचा, हे त्यांना कळत होतं. पुढच्या खेपेला मैदान रिकामं होईपर्यंत ते थांबले. पुन्हा नवी पाती, पुन्हा दाजींचा पुकारा, "पिवळं वर!" होतं तांबडंच. पूर्णफेरे गुडघ्यांवर बसले आणि या वेळी सांगितलं तेच केलं. पिवळी टोपी, पूर्ण फेरा, आत.

हेलिकॉप्टर वीतभर उठलं आणि शेपटापर्यंत खडखडलं. डोळ्यांना दिसलं नाही तरी दाजींचा कान शाबूत होता. त्यांनी लगेच ते उतरवलं आणि इंजिन बंद केलं.

"काय केलंस?"

"तुम्ही सांगितलंत तेच, दाजी."

दाजींनी वाकून पात्यांवरच्या पट्ट्या अगदी जवळून पाहिल्या. मग म्हणाले, "आणि आजवर?"

"आजवर... मला दिसत होतं ते."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

दाजींनी गळ्यातला पट्टा काढला आणि रिमोट गवतावर ठेवला. ते चिडले असते तर पूर्णफेऱ्यांना बरं वाटलं असतं. ते हळूच म्हणाले, "दीड वर्ष नाही ऐकलंस, त्याचं काही नाही रे. आज ऐकलंस, ते लागलं."

पूर्णफेऱ्यांना रडू आवरेना. काय करावं ते सुचेना, म्हणून ते खाली बसले, पिवळी टोपी एक फेरा बाहेर घेतली आणि तांबडी आत घेऊ लागले.

"आता कुणासाठी जुळवतोयस?" दाजींनी विचारलं.

पूर्णफेऱ्यांनी फेरा पुरा केला आणि टोपी गोळीवर दाबून बसवली.