एका वावराची वाईन

निघताना आबांनी माझ्या बॅगेत ज्वारीचं पीठ कोंबलं. पडेगावच्या फाट्यावर जीप घरघरत उभी होती, माय पदरानं डोळे पुसत होती आणि आबा मात्र बॅगेच्या चेनशी झटत होते. "लिंबाच्या वावराचं हाय. दुसऱ्यात मिसळू नको," एवढंच म्हणाले. मला हसू आलं. इटलीत मी ते कशात मिसळणार होते?

मागं राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे बाहेर पडलेले विसरले असतील. आमची तीन वावरं. बांधावर कडुलिंब होता ते लिंबाचं. तिन्हींची ज्वारी वेगवेगळ्या कणगीत राहायची. सुगी झाली की प्रत्येकीची पहिली भाकरी कालवणाशिवाय खायची आणि आबांनी डोळे मिटून वावर ओळखायचं. मायनं कितीदा अदलाबदल केली, पण ते फसले नाहीत. लिंबाच्या वावराची भाकरी आधी गोड, मग जिभेवर किंचित कडसर. मलाही ती बरोबर ओळखू यायची. भाऊ चिडवायचा, "हिच्या तोंडात तराजू हाय का काय!" त्याच तोंडावर आज माझं पोट चालतं.

अजिंठा बघायला येणाऱ्या इटालियन पाहुण्यांना हॉटेलात वाढता वाढता मी त्यांची भाषा शिकले. आता त्यांच्या देशात, पिएमोंतेमधल्या एका रेस्तराँत, गिऱ्हाइकांना वाईन निवडून देते. तिथं एक लाल वाईन मिळते, टेकडीच्या एकाच उतारावरच्या द्राक्षांची. बांधापलीकडचा एक घडसुद्धा तिच्यात चालत नाही. बाटलीवर नाव त्या जमिनीच्या तुकड्याचं. पहिल्यांदा ओतली तेव्हा रंग फिका, कडेला विटकरी. म्हटलं, पाणचट असणार. मग वास आला. वाळलेला गुलाब आणि त्याच्या मागून चक्क डांबर. जाणकार याच दोन वासांवर जीव टाकतात. घोट घेतला की हिरड्या आवळतात, मग हळूच गोडवा येतो आणि गिळल्यावर बराच वेळ कडसर चव रेंगाळते. मला रडूच फुटलं. मालकीणबाईंना वाटलं, पोरीला वाईन कळली. मला कळलं ते एवढंच, की हे लोकही वावर मिसळत नाहीत.

त्याच दिवशी मी आबांना फोन केला. "मला काय नको. वाटणीत निस्तं लिंबाचं वावर माझं ठिवा. मी परत येणार हाय."

"ठिवतो बाई," आबा म्हणाले. त्या दोन शब्दांवर मी तिथले हिवाळे काढले.

पुढं सुट्टीवर आले ती ही वाईन कपड्यांत गुंडाळून घेऊन. आबा दारूला शिवत नाहीत. म्हटलं, नुसता वास घ्या, तुमची पोरगी काय काम करते ते कळेल. त्यांनी स्टीलचा पेला नाकाशी धरला, डोळे मिटले.

"सडकंचा वास येतोय गं."

मला इतका आनंद झाला! पहिल्या झटक्यात ओळखलं म्हणून मी टाळी वाजवली. ते हसले नाहीत.

"ज्या वावराची हाय, ते वावर हाय का अजून?"

"हाय की. तिथं कुणी इकत नाय."

त्यांनी पेला खाली ठेवला. "मग तू तिथंच ऱ्हा, बाई."

भाऊ मला वावराकडं घेऊन गेला. कडुलिंब नव्हता. फक्कीनं आखलेले प्लॉट होते आणि मधून नवी कोरी डांबरी सडक. भाऊ खाली बघत म्हणाला, "चारी बाजूंनी समद्यांनी इकलं. बैल न्यायला वाट ऱ्हायली नाय. आबा लई दिवस अडून बसले." कुणावर रागवायचं तेही मला कळेना. आबांवर तर रागवताही येईना. जाताना चपलेला डांबर चिकटलं, ते घरी येऊन रॉकेलनं काढलं.

आता परत येण्याचं मी बोलत नाही आणि घरातलंही कुणी विचारत नाही. गिऱ्हाईक विचारतं, गाव कुठलं? मी संभाजीनगर सांगते. त्यांना काही उमगत नाही, आणि मलाही त्यात आता फारसं काही सांगण्यासारखं उरलेलं नाही. मग मी ती वाईन ओतते, ग्लास कसा फिरवायचा ते दाखवते आणि त्यांना गुलाब शोधायला सांगते. त्यांना तो सापडतो. मी मात्र हल्ली डांबरापाशीच थांबते.