साठ वॅट कुठं गेले

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी वसमतला कापसाच्या एका जिनिंगमध्ये वायरमन होतो. म्हणजे तारा ओढणारा मीच, डायनॅमोला तेल घालणारा मीच आणि दिवा गेला की शिव्या खाणाराही मीच. इंजिनाच्या पट्ट्यावर डायनॅमो फिरायचा, एकशेदहा व्होल्ट द्यायचा, आणि त्यावर रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गोदामात साठ-साठ वॅटचे अठरा दिवे लागायचे. गोदामाला खिडक्या नव्हत्या, म्हणून दिवे दिवसाही चालू. कंदिलाला आत बंदी होती. रुईजवळ ज्योत नेऊ नये, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्या दिवशी बाप मला घरी न्यायला आला होता. आम्ही शिरड शहापूरकडचे मेंढपाळ. कळप वाढला होता आणि धाकट्या भावाला एकट्याला आवरत नव्हता. बाप सकाळीच येऊन डायनॅमोच्या खोलीत घोंगडीवर बसला.

"दुपारच्याला निघू," तो म्हणाला. "दिवे काय, कुनीबी लावंल. मेंढरामागं घरचंच मानूस लागतं."

मला राग आला. तो मला लवकर येतो, आणि बापासमोर गिळावा लागायचा म्हणून आणखीच यायचा. मला त्या खोलीतच राहायचं होतं. पट्ट्याचा आवाज, तेलाचा वास, मीटरचा तो हलका काटा, सगळं मला मनापासून आवडत होतं. पण तसं बापाला तोंडावर सांगायची छाती होईना. मग काहीतरी करायचं म्हणून मी आठवड्याची मोजणी काढली.

बोर्डावर एकशेदहा व्होल्ट होते, करंट दहा अँपिअर. हातातला मीटर घेऊन गोदामाच्या टोकाला गेलो, सगळ्या दिव्यांना तिथूनच फाटे फुटायचे. तार नवी असताना तिथं एकशेपाच भरायचे. आज नव्याण्णव भरले. पुन्हा मोजलं, तरी नव्याण्णवच. मी परत येऊन भिंतीवर कोळशानं आकडे मांडले. वाटेत आधी पाच व्होल्ट जायचे, आता अकरा जात होते. अकराला दहानं भागलं की तारेचा अडथळा निघतो, एक पूर्णांक एक ओहम. आधी तो अर्धा ओहमच होता. म्हणजे सहा व्होल्ट वाटेत नव्यानं कुठंतरी खर्ची पडत होते. मी सहाला दहानं गुणलं.

"साठ वॅट," मी म्हणालो.

"साठ म्हंजे किती?" बापानं विचारलं.

डोक्यावर त्याच मापाचा दिवा होता. "याला हात लावून बघ."

त्यानं बोट टेकवलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"येवढी ऊब तारेत कुठंतरी निघून राहिली, बा. उजेड न्हाई, निसती ऊब. अन् तार रुईवरून जाती. समज, मेंढरं तेवढीच जाऊन राहिली, पर कुंपनाची फट अरुंद झाली."

"मंग अंग घासनारच," बाप म्हणाला. "लोकर काट्याला राहती."

मला काम शिकवणाऱ्या मिस्त्रीला हे समजावून सांगायला चार दिवस लागले होते. बापाला चार वाक्यांत कळलं, हे मला जरा झोंबलंच.

शिडी घेऊन आम्ही गोदामात गेलो. बापानं शिडी धरली आणि मी तुळईतुळईवर मोजत पुढं सरकलो. पाचव्या आणि सहाव्या तुळईच्या मध्ये एकदम सहा व्होल्ट कमी झाले. तिथं तारेचा एक जोड होता, तो सैल पडला असणार. मी मॅनेजरला दिवे बंद करायला सांगितलं.

"दिवे लागतात ना बराबर?" तो म्हणाला. "दारातल्या गाड्या भरून झाल्यावर बघ. आता कशाला तकलीफ?"

आकडे चुकले असते तर नोकरी गेली असती आणि दुपारी मी मुकाट्यानं बापामागं चाललो असतो. तरी मी जाऊन खटका ओढला. अंधारात हमाल थांबले. मॅनेजर तणतणत शिडीपाशी आला, त्याच्या हातात बॅटरी होती. तिच्या उजेडात मी जोड सोडला. वरची सुतळी निघाली, आत रुई गुंडाळलेली होती. वरून पांढरी, मधे तांबूस आणि तारेला लागून काळी. करपल्याचा वास खालपर्यंत गेला.

"हे कुणी केलं?" मॅनेजरनं विचारलं.

माझ्या आधीचा वायरमन केव्हाच सोडून गेला होता. त्याचं नाव घेतलं असतं तर कुणी शोधायला गेलं नसतं. पण तो जोड माझाच होता. लढाईमुळं जोडावर गुंडाळायची टेप मिळत नव्हती, आणि जिनिंगमधल्या माणसाच्या हाताशी कायम रुईच असते. जखमेवर रुई, कानात रुई, दाराच्या फटीत रुई. तशी मी जोडावरही गुंडाळली होती, आणि वर स्वतःवर खूशही झालो होतो.

"मीच," मी म्हणालो. बाप खाली शिडी धरून उभा होता, म्हणून ते जास्तच जड गेलं.

मॅनेजरनं ती काळी रुई बॅटरीच्या उजेडात चुरगाळून बघितली. "मग आता सगळे जोड तूच उघड," तो म्हणाला. "आजच."

खोलीत आल्यावर बापानं घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. मी माझं गाठोडं बांधायला घेतलं. निघायचं ठरलंच होतं.

"तू गाठोडं काहून बांधतो?" बाप म्हणाला. "तुला जोड उघडायचेत न्हवं?"

एवढं बोलून तो शिरडच्या वाटेला लागला. मी शिडी उचलली आणि पहिल्या तुळईकडं गेलो.

पुढं सणाला घरी गेलो. आमच्यात प्रत्येक लेकाच्या मेंढरांच्या कानाला वेगळी चीर असते. माझ्या वाट्याच्या मेंढरांच्या कानांवर आता धाकट्याचीही चीर पडलेली होती, म्हणजे ती आता त्याची झाली होती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. बापाला विचारायचा धीर झाला नाही, म्हणून आईला विचारलं.

"तुझा बा वसमतहून आला त्याच्या दुसऱ्या दिशीच केली," आई म्हणाली. "म्हनला, त्याला तिथंच राहू दे. तिथं त्याच्याबिगर भागत न्हाई."