नुकसानीतले मामा

माझ्या बायकोच्या डिचोलीच्या मामांइतका खाऊनपिऊन सुखी कंगाल उभ्या गोव्यात शोधून सापडायचा नाही. खाणी धडाक्यात चालू होत्या तेव्हा खनिज वाहणारे त्यांचे स्वतःचे ट्रक होते, आणि तेव्हाही ते नुकसानीतच होते. "किते सांगू जावयबापू, पुराय नुकसान!" हाच त्यांचा नमस्कार. ताटात इसवण माशाची तळहाताएवढी तुकडी आणि तोंडाने, "पेजेवर दिवस काढतो आम्ही." मामी आतून ओरडतात, "मग ती दुसरी तुकडी परत ठेवा!" मामा ती काही ठेवत नाहीत. नवी स्कूटर घेतली तर आठवडाभर केळींच्या आड उभी. गच्चीवर खोली बांधली, टाइल्स लावलेली, बाथरूमसकट. विचारलं तर म्हणे, नारळ ठेवायला. मामी हळूच म्हणाल्या, "चिरंजीव परत आले तर हवी ना!" पण खाणी बंद पडल्या तेव्हा उभ्या ट्रकांच्या ड्रायव्हरांना कितीतरी महिने पगार दिला तोही ह्याच माणसाने. कौतुक केलं की खेकसायचे, "नुकसानीत आणखी थोडं नुकसान, त्यात काय?"

तर मामांचा हा एकुलता मुलगा अमेरिकेत एका छोट्या कंपनीत आहे. त्याला तिथे कायमचं राहता यावं म्हणून मालकाने अर्ज केला, आणि सरकारने उलट मालकालाच विचारलं, कबूल केलेला पगार द्यायची तुझी ऐपत आहे का? कागद दाखव. मालकाच्या कागदांवर वर्षानुवर्षं तोटा! अर्ज अडकला. नामंजूर झाला तर पोराला गाशा गुंडाळून परत यावं लागणार होतं.

हे मामांना समजावता समजावता मीच गोंधळलो. "रावा," मामांनी मला थांबवलं, "नोकरी करतो माझा झील, मग ऐपत मालकाची कशाला? पोरगी देतात काय त्या घरात?"

"तसंच काहीसं, मामा."

"मग तोटा का दाखवला त्याने?"

"कर वाचवायला असेल."

"शाणो मनीस!" मामा खूश झाले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "पण मग आता त्याने रडायचं की मिरवायचं?"

मामांनी सरळ देवळात जाऊन कौल लावला. देवाच्या अंगावरची उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. "मालकाची ऐपत आहे, देवानेच सांगितलं! पाकळीचा फोटो पाठवा, कागदांना जोडा म्हणावं!" मी कपाळाला हात लावला.

शेवटी तिथल्या वकिलाने वाट काढली. नफा नसेना का, ठरलेला पगार मालक आजवर बिनचूक देत आलाय, ह्याचे पुरावे जोडले. बिचाऱ्या मालकाने कुरकुरत सगळे हिशोब उघडे केले आणि अर्ज मंजूर झाला. "नुकसानीत असून पगार देतो?" मामांनी पुन्हा एकदा विचारून खात्री केली. "बरा माणूस. पोर चांगल्या घरात पडलं."

मी पेढे घेऊन गेलो तेव्हा मामी डोळे पुसत होत्या आणि मामा दारापुढच्या बाल्कांवात एकटेच बसले होते. मुलगा आता तिकडचाच झाला होता. मी त्यांच्या नेहमीच्या शब्दाची वाट बघत उभा राहिलो. जन्मभर उगाच म्हटलेला तो शब्द खरा म्हणायचा दिवस आज होता, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"फायदा झाला, जावयबापू," मामा पेढा हातातच धरून म्हणाले. "पुराय फायदा." मग गच्चीकडे बघत म्हणाले, "उद्या जरा हात लावायला या. नारळ वर नेऊन ठेवू."