एक्सप्रेस आणि माझा गुडघा

आमच्या ह्यांना सगळे एक्सप्रेस म्हणतात. ते नाव मी पाडलं असं हे सांगत फिरतात, पण नाव पडायला माणूसही तसाच लागतो ना! मी माझं ताट वाढून घेतेय तोवर ह्यांचे हात धुऊन झालेले असतात. कुणी जेवायला बोलावलं, तर यजमान अजून आंघोळीला जायचेत आणि आम्ही दारात हजर. ह्यांचा धंदा जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवायचा. तोंडात खिळे धरून टकाटक हातोडी चालवतात, सकाळी दिलेला सोफा संध्याकाळी तयार. गिऱ्हाईक खूश, हे खूश.

वैतागायची ती मी. माझा उजवा गुडघा कधीचा गेलाय, पाय ओढत चालावं लागतं. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, आणि मी म्हणते बघू. आणि हे रस्त्यानं कायम चार पावलं पुढे, वाघ मागं लागल्यासारखे. ‘अहो, थांबा!’ हे शब्द मी उभ्या संसारात जितक्या वेळा बोलले, तितक्या वेळा देवाचं नावसुद्धा घेतलं नसेल.

तर असा हा माणूस रविवारी ड्रम वाजवतो. बँड वन्संचा, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीचा. वन्संची लाँड्री आहे. रविवारी ती बंद असते, मग मागच्या खोलीत इस्त्रीची टेबलं भिंतीला सरकवायची आणि सुरू. वन्संचा गळा आणि गिटार, ह्यांचे ड्रम आणि बेस गिटार वाजवायला आमचा पोस्टमन. तो जन्माचा शांत, बोलायचं म्हटलं तर जिवावर येतं त्याच्या. आजवर त्यांनी धावत्या चालीचं रॉक वाजवलं. त्यात ह्यांची घाई कशी मस्त खपून जायची!

यंदा वन्संच्या मनानं घेतलं, की नवा आल्बम जुन्या ब्लूज-रॉकच्या वळणाचा करायचा. लहानपणी वडिलांच्या तबकड्यांवर ऐकलेला, जड पावलांचा, मनातलं सगळं ओकून टाकणारा. आणि रेकॉर्डिंगही तेव्हासारखंच, सगळ्यांनी एका खोलीत एकदम वाजवायचं, मागून ठिगळं लावायची नाहीत. म्हणजे एकानं घाई केली की सगळंच मुसळ केरात.

गाडी अडली ती शफलच्या ठेक्यावर. एक ठोका लांब, एक आखूड, लांब, आखूड, असा डुलत जाणारा ठेका. हे सुरुवात बरी करायचे. मग गाणं अर्ध्यावर येतंय तोच ह्यांचा लांब ठोका आखूड व्हायचा, आखूड गायब व्हायचा आणि हे सुटलेच! मागून वन्सं धापा टाकत गातायत.

शेवटी वन्संनी गिटार खाली ठेवली. “हे बघ, पुढच्या रविवारी रेकॉर्डिंग आहे. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर ड्रम मशीनवर लावेन. भाऊ आहेस म्हणून गाण्याचा बळी नाही देणार मी.”

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. ड्रमशिवाय रविवार म्हणजे ह्यांना काय, ते मलाच ठाऊक. आठवडाभर खिळे चावणारा हा माणूस त्या एका खोलीत हसतो.

घरी निघालो तर आक्रीतच. हे चक्क माझ्या मागे! मान खाली, पाय जड. मला इतकं वाईट वाटलं, की ‘थांबा’ म्हणायला कुणी पुढे नाही याचंही सुख वाटेना. मी आपली चढावरून पाय ओढत चालले होते. इतक्यात मागून मांडीवर थापा मारल्याचा आवाज यायला लागला. मी थांबले, थापाही थांबल्या.

“थांबू नकोस गं! चाल, चाल!”

“अहो, लोक बघतायत.”

“बघू देत. तू चाल.”

मग काय विचारता! आठवडाभर मी ओट्याकडे गेले की हे मागे, दोरीवरचे कपडे काढायला गेले की हे मागे, थापा मारत. शेपूट फुटलं होतं मला. रागवावं तर माणूस इतका रंगलेला, की हसूच यायचं.

रविवार आला. मी चादरींच्या ढिगावर बसले होते, जीव मुठीत धरून. पहिल्या वेळी हे परत सुटले. वन्संनी हात वर केला. मग टेबलावर आणून ठेवलेल्या ड्रमच्या मशीनकडे बघितलं. तसे हे माझ्याकडे वळले. “तू जरा चालून दाखव ना.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “सगळ्यांसमोर? माझ्या लंगडण्याचा तमाशा करायचाय?”

“तमाशा नाही गं.” ह्यांचा आवाज एकदम खाली आला. “लग्न झाल्यापासून मी तुझ्यापुढेच चाललो. मागून कधी बघितलंच नाही. तू घाई करत नाहीस आणि तरी पोचतेस. मला तसं वाजवायचंय.”

मी डोळे पुसले, आवाज नको म्हणून चपला काढल्या आणि इस्त्रीच्या टेबलापासून दारापर्यंत चालायला लागले. ह्यांची नजर माझ्या खांद्यांवर. लांब, आखूड, लांब, आखूड. वन्सं डोळे मिटून अशा गायल्या, की माझ्या अंगावर काटा आला. गाणं संपलं तरी मी चालतच होते. पोस्टमननं तोंड उघडलं तेव्हा मी थांबले.

“आता परत वाजवू नका,” तो म्हणाला, “हेच ठेवा.”

वन्संनी मशीन उचलून कपाटात टाकलं, भावाच्या टाळक्यात एक टपली मारली आणि आल्बमचं नाव तिथंच ठरवलं, ‘दमानं’.

आल्बम निघाल्यावर ह्यांनीच विषय काढला. “आता गुडघा करून घे.”

“आणि तुमचा ठेका?”

“तो बसलाय हातात. तू दुखणं कशाला सांभाळतेस?”

हे दवाखान्यात पार माझ्या उशाशी बसून होते, एकदाही घड्याळ न बघता. आता मी सरळ चालते, चांगली झपझप. कार्यक्रमात ते गाणं लागलं, की मी पहिल्या रांगेत बसून माझी जुनी चाल ऐकते आणि ऊर भरून येतो.

परत येताना मात्र मी पुढे आणि हे मागे. मी वळून ओरडते, “अहो, पाय उचला की!”

तर म्हणतात, “तू हो पुढे. मला इथूनच बरं दिसतं.”