लाल दोऱ्यातलं नाव

दुपारची जेवणं आटोपल्यावर पास्कलीन तान्ह्या लेकीला कुशीत घेऊन जरा आडवी होते. संध्याकाळी चर्चमध्ये बाप्तिस्मा आहे. खुंटीवर पोरीचा पांढरा झगा टांगलाय आणि त्याच्या छातीवर लाल दोऱ्याने नाव भरलंय, रेनाता. सासूचं नाव. सासूनेच मरायच्या आधी स्वतःच्या हाताने भरलेलं. त्यांच्या घरात पहिल्या मुलीला आजीचंच नाव ठेवायचं, त्यात सुनेला कोण विचारतंय!

डोळा लागतो न लागतो तोच पलंग हलतो. पायथ्याशी सासू बसलीय, हातात सुई.

"आई, तुम्ही? तुम्हाला तर आम्ही..."

"हळू बोल गं, पोर उठेल."

सासूच्या लुगड्यातून पाणी ठिबकतंय. पास्कलीन खाली बघते तर फरशी नाहीच. केळीच्या वाडीतला चिखल आहे आणि पलीकडे बावखल, हिरव्या पाण्याने काठोकाठ भरलेलं तळं.

"माझ्या नावाचा अर्थ ठाऊक आहे तुला?"

"फादर म्हणाले, लॅटिन आहे. पुन्हा जन्मलेली."

"मीपण तेच सांगत मिरवायचे. पण ते माझं नव्हतंच. माझ्याआधीची रेनाता, माझी थोरली बहीण, ह्या पाण्यात बुडाली. मग मी झाले, तर माझ्या आयने मला तेच नाव घातलं. जन्मभर ती मला हाक मारायची आणि बघायची माझ्या मागे. मी कोण, ते मला मरेस्तोवर कळलं नाही."

पास्कलीन लेकीला उचलून उभी राहते. तळ्याच्या जागी आता चर्चमधलं बाप्तिस्म्याचं कुंड आहे. फादर विचारतात, "नाव काय ठेवायचं?"

सवयीने तिच्या तोंडून निघून जातं, "रेनाता."

"ओ!" सासू म्हणते.

"ओ!" पाण्याखालून एका लहान मुलीचा आवाज येतो.

आणि तिच्या हातातलं लेकरू तोंड उघडतं नि सासूच्याच घोगऱ्या आवाजात म्हणतं, "ओ!"

"बघितलंस?" सासू रडवेली होते. "तुम्ही हाक मारलीत की मला यावंच लागेल. मग तुझी पोर कुठं जाईल?"

"नाही! मला माझीच पोर पाहिजे!" पास्कलीन जिवाच्या आकांताने ओरडते. "तुमचं नाव तुम्ही घेऊन जा, आई!"

"सुटले गं बाई," म्हणत सासू सुई झग्याकडे नेते.

पास्कलीन दचकून उठते. दारात नवरा उभा आहे, विल्फ्रेड. "अगं, ऊन उतरलं. रेनाताला तयार केलंस का?"

ती खुंटीकडे बघते. झगा पांढराफटक आहे. छातीवर नुसती सुईची भोकं.

ती घाबरत घाबरत पोरीची मूठ उघडते. आत लाल दोरा, ओलाचिंब. पोर टक लावून तिच्याकडेच बघतेय.

"दुसरं नाव शोध," ती पोरीला घट्ट छातीशी धरून विल्फ्रेडला म्हणते. "आधीचं नाव आई परत घेऊन गेल्या."